ट्रॅकवर चालवायची आणि त्याच गाडीतून घरी यायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चौथ्या पिढीची मियाता (माझदाची उघड्या छपराची छोटी दोन सीटची गाडी) आहे, ती 600 किलोमीटर चालवत न्यायची, दोन दिवस रेसिंगच्या ट्रॅकवर चालवायची आणि तिच्यातूनच परत यायचं. मित्र म्हणतोय ट्रेलरवर घाल. शिवाय एवढ्याशा डिक्कीत न्यायचं काय, हेही विचारलंय. मी गेली 11 वर्षं छोट्या दोन सीटच्या गाड्या अशाच चालवत नेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेलर नको. पहिल्यांदा तर नकोच. ट्रेलर असला की मनात कुठेतरी असतं की मोडली तरी घरी नेता येईल, आणि माणूस गाडीचं ऐकेनासा होतो. चालवत नेलेली गाडी तीच ट्रॅकवर आणि तीच परतीच्या रस्त्यावर, हे एकदा पक्कं केलंत की तयारीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कुठले ब्रेक पॅड घ्यायचे, कुठले टायर, ट्रॅकवरचं शेवटचं सत्र करायचं की नाही, सगळ्याला कसोटी एकच: उद्या सकाळी ही गाडी पावसात 600 किलोमीटर बिनघोर जाईल का?

सगळ्यात आधी ब्रेक. हलक्या गाडीला ब्रेकचा त्रास नसतो असं लोक म्हणतात. जड गाडीपेक्षा कमी असतो, एवढंच खरं. साधा हिशेब करून बघा. 1000 किलोची गाडी ताशी 160 वरून 80 वर आणायची तर साधारण 740 किलोज्यूल उष्णता तयार होते. घरातल्या तापमानाचं दोन लिटर पाणी उकळायला लागते त्याहूनही ही जास्त. ती काही सेकंदांत, बहुतेक सगळी चार चाकांच्या ब्रेक डिस्कमध्ये जाते, आणि हे दर फेरीला तीन-चार वळणांवर होतं. रस्त्यावर तुम्ही असा ब्रेक वर्षातून एखाद्या वेळी मारत असाल.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट 4 या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली आर्द्रता शोषत राहतं, आणि पाणी मुरलेल्या डॉट 4 साठी मानकातली किमान मर्यादा फक्त 155 अंश आहे. गाडी नुसती उभी असली तरी हे होतच असतं, म्हणून "फारशी चालवली नाही" याला काही अर्थ नाही. तुमच्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं हे तुम्ही लिहिलेलं नाही. लक्षात नसेल तर जुनं झालंय असंच धरा.

हे मी अनुभवातून सांगतोय. एका वर्षी मी ऑइल न बदलताच गेलो होतो, रस्त्यावर पेडल छान कडक होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय टाकला आणि पेडल ओल्या स्पंजसारखं खाली जात राहिलं. दोनदा, तीनदा भराभर पंप केलं तेव्हा दाब आला, पण तोवर वळायची जागा मागे गेली होती. स्टिअरिंग सरळ धरून खडीत गेलो. गाडीला ओरखडाही आला नाही. पण त्या एका सेकंदात पायाखाली काहीच नसल्याची जी जाणीव झाली, ती अजून जात नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुमच्या पायाचा जोर पॅडवर जाण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यात संपतो. गंमत अशी की गार झाल्यावर पेडल पुन्हा बऱ्यापैकी ठीक वाटतं आणि माणूस फसतो. तसं झालं तर तो दिवस तिथेच थांबवायचा, ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, मगच घरी निघायचं.

तेव्हा निघायच्या आठवड्यात ताजं ऑइल, शक्यतो जास्त उत्कलनबिंदूचं. डॉट 5.1 चालतं. नुसतं डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नका. पॅड रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणारे घ्या. निव्वळ रेसिंगचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, आणि परतीच्या रस्त्यावर पहिल्या सिग्नलला ते गारच असणार आहेत. निघताना पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे टाका किंवा जोडी सोबत ठेवा.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गिअरमध्ये हळू काढा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा थर तिथे चिकटतो, आणि मग घरापर्यंत प्रत्येक ब्रेकला गाडी थरथरते. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकामागे लाकडी ठोकळा लावा.

आता टायर. तुमच्या गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुधा 29 पीएसआय लिहिलेलं असेल. ट्रॅकवर टायर तापले की दाब चढतो; पाच फेऱ्यांनंतर 35 झालेला मी मोजलाय. एवढ्या दाबाला टायर मधोमध फुगतो आणि पकड कमी होते, म्हणून सगळेजण चार-पाच पीएसआय हवा सोडतात. बरोबर आहे. पण तोच टायर रात्री गार झाला की 25 वर येतो, आणि सकाळी सामान भरून हायवेला लागताना हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. मी स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून "हवा भर" असं लिहून ठेवतो. छोटा 12 व्होल्टचा पंप आणि चांगला गेज, या दोन वस्तूंना डिक्कीत जागा द्यायचीच. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे डाव्या टायरवर भार जास्त. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड दर सत्रानंतर हाताने चाचपून बघा. मधली नक्षी छान दिसत असताना कडेला तारा उघड्या पडायला आलेल्या असू शकतात. आणि तुमच्या गाडीत स्टेपनी नाही, हे विसरू नका.

डिक्की 130 लिटरची. तिच्यात माझ्याकडे जातं ते असं: टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि व्हील नटचा सॉकेट, छोटा जॅक, इंजिन ऑइल एक लिटर, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणि ब्रेकमधली हवा काढायची नळी, पंप, गेज, चिकटपट्टी, पाणी. कपडे मऊ पिशवीत, सीटमागे. टो हुक (बंद पडलेली गाडी ओढायची कडी) कुठे आहे ते आधीच शोधून एकदा बसवून बघा. ट्रॅकवर तो लावूनच फिरतात. हेल्मेट शेजारच्या सीटवर बेल्ट लावून. इंजिन ऑइलची पातळी रोज दोनदा तपासा, कारण वरच्या आरपीएमवर तासभर चालवलं की एरवी न पिणारं इंजिनसुद्धा थोडं पितं. व्हील नट पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासायचे, मॅन्युअलमधल्या आकड्याला. टॉर्क रेंचचा तो "टक्" आवाज चारही चाकांवर ऐकल्याशिवाय मी घरी निघत नाही.

ट्रॅकवर पेट्रोल रस्त्याच्या दुप्पट-अडीचपट जातं. टाकी पाव भागाखाली नेऊ नका, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकून इंजिन अडखळतं.

विमा कंपनीकडून ट्रॅकबद्दल लेखी उत्तर घ्या. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. उघड्या छपराच्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मजबूत कमान) लागतो का, आणि हेल्मेट कुठल्या मानकाचं हवं, हे आयोजकांना आधीच विचारा. सीटमागे दिसणाऱ्या कमानी सगळीकडे चालत नाहीत. नियम काहीही असो, हेल्मेट घालून बसल्यावर तुमचं डोकं रोल बारच्या वरच्या रेषेखाली राहायला हवं. नसेल तर आधी सीट खाली घ्या.

आणि दुसऱ्या दिवशीचं शेवटचं सत्र सोडून द्या. पैसे भरलेले असतात, जीव तुटतो, मला माहीत आहे. पण त्या वेळी टायर झिजलेले, पॅड पातळ झालेले, आणि डोकं दोन दिवसांच्या एकाग्रतेने रिकामं झालेलं असतं. तो अर्धा तास गाडी गार करण्यात, चाकं बघण्यात घालवा. त्या रात्री तिथेच मुक्काम करा, सकाळी हवा भरून निघा.

ब्रेक ऑइल कधी बदललंय, पॅड किती उरलेत आणि टायर कुठले आहेत एवढं कळवा. पॅडचं बाहेरून दिसत नसेल तर चाक काढून आतल्या बाजूचा पॅडही बघा. बऱ्याचदा तोच आधी संपलेला असतो.