मुंबईत फ्री डिशची छत्री स्वतः बसवता येते का?
हो, नक्की येते. दिशा मात्र आधी पक्की करा. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश उंच. खिडकी पश्चिमेची असेल, तर सोसायटीला विचारून गच्चीच गाठा.

खांब ओळंब्यात उभा हवाच. तिथे घाई केली की तासभर छत्री फिरवत बसावं लागतं. केसभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुढे. टीव्हीवर सेट-टॉप बॉक्सच्या सिग्नल मेनूत स्ट्रेंथपेक्षा क्वालिटीचा आकडा बघा. छत्री अपेक्षेपेक्षा जास्त उभी वाटेल, घाबरू नका. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो म्हणून तसं होतं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे लवकर गंजतात. आणि कृपा करून कठड्यावर चढू नका.