परस्परविश्वासावर चालणारा गट अनोळखी लोकांमध्ये कसा उभा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अवजारे, पुस्तके, अडीअडचणीची मदत आणि पुढे जमल्यास थोडी रक्कम एकमेकांना देणारा गट सुरू करायचा आहे, पण पंचवीस जणांपैकी निम्मे परस्परांना ओळखतही नाहीत, मग त्यांच्यात आधी विश्वास कसा निर्माण करावा? असा एक गट मी नऊ वर्षे जवळून पाहिला, त्यातली सात वर्षे चालवलाही. त्या अनुभवावरून मला वाटते की प्रश्नातला ‘आधी’ हा शब्द काढून टाकावा. लहानसहान देवघेव पुनःपुन्हा चोख पार पडली की विश्वास तिच्यामागून साचत जातो. स्नेहमेळाव्यांनी ओळख वाढते, भरवसा वाढेलच असे नाही. आमच्यातला सर्वांत लाघवी माणूस वस्तू परत करण्यात सर्वांत ढिला होता.

म्हणून पहिले काही महिने, बुडाली तरी कोणाचे फारसे बिघडणार नाही अशाच वस्तू फिरू द्याव्यात, आणि देवघेवीचा दिवस ठरलेला असावा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास, दोघांनी दर खेपेस सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवण्याच्या खेळात, संगणकावर वेगवेगळ्या डावपेचांच्या स्पर्धा घेतल्या, तेव्हा गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सर्वांत साधा डावपेच जिंकला: पहिल्या खेपेस सहकार्य करायचे आणि नंतर समोरच्याने मागच्या खेपेस जे केले तेच करायचे. मात्र गाठ पुन्हा पुन्हा पडणार आहे हे दोघांनाही ठाऊक असेल, तरच असे वागणे फायद्याचे ठरते. ‘लागेल तेव्हा मागा’ या पद्धतीत ती खात्री राहत नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस ती आपोआप देतो.

आमची मोठी चूक नोंदीची होती. पहिली दोन वर्षे सगळा हिशेब माझ्या डोक्यात असे. एकदा भोके पाडण्याचे यंत्र तीन जणांकडून फिरून मोडक्या अवस्थेत परत आले आणि कोणाच्या हातून मोडले हे विचारायचे धाडस कोणी केले नाही, मीही नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. यंत्राच्या मालकाने तक्रार केली नाही, फक्त त्यानंतर एकही वस्तू दिली नाही, आणि त्याचे पाहून आणखी चौघांनी हात आखडते घेतले. त्यानंतर आम्ही सर्वांना पाहता येईल अशी वही ठेवली: वस्तू कोणी नेली, कोणत्या स्थितीत नेली, कधी आणून दिली. दोघांना तो अविश्वास वाटला आणि ते गट सोडून गेले. मला आजही वही योग्यच वाटते, कारण एखाद्याचा चोखपणा त्या वेळी तिथे नसलेल्या माणसालाही तिच्यामुळेच कळतो.

नव्या माणसाला घेताना शिफारस असावी, पण शिफारशीचा अर्थ नेमका ठरवावा. फिल झिमरमन यांच्या पीजीपी या संगणकावरील सांकेतिक लेखनाच्या प्रणालीत प्रत्येकाची संदेश कुलूपबंद करण्याची एक संगणकीय किल्ली असते, आणि तिच्याबाबत एक बारकावा आहे: ही किल्ली याच माणसाची आहे हे मानणे वेगळे, आणि तो माणूस दुसऱ्यांची ओळख पटवून देण्यास भरवशाचा आहे हे मानणे वेगळे. माणसांच्या बाबतीतही हेच खरे आहे. स्वतः अत्यंत सचोटीचे असलेले काही जण माणसे पारखण्यात अगदी भोळे असतात. आम्ही दोन सदस्यांची शिफारस आवश्यक केली, पहिल्या सहा महिन्यांतील नुकसानीचा निम्मा भार शिफारस करणाऱ्यांवर ठेवला, आणि ज्याच्या शिफारशी दोनदा फसल्या त्याचे सदस्यत्व कायम ठेवून शिफारशीचा अधिकार मात्र वर्षभर थांबवला.

चुकणाऱ्याचे काय करावे, यावर बहुतेक गट गप्प राहतात आणि मग एकदम माणूस काढून टाकतात. सामायिक पाणी, कुरणे, जंगले आणि मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना (२००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले) टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये पहिल्या चुकीला हलकी शिक्षा आणि पुढे चढत जाणारी शिक्षा आढळली. तंटा मिटवण्याची जागाही जवळची आणि बिनखर्चाची असे. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाणी न्यायालय दर गुरुवारी भरते. शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी ऐकून तिथेच निकाल देतात. आमच्याकडे पहिल्या उशिराला फक्त वहीत खूण होत असे, दुसऱ्या वेळी महिनाभर उसने बंद. तिसऱ्या वेळेपर्यंत फारच थोडे गेले.

रकमेचा व्यवहार किमान वर्षभर टाळावा आणि त्याआधी आपल्या देशातील कायदा पाहून घ्यावा. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात रायफायझेन यांनी उभारलेल्या ग्रामीण पतसंस्थांमध्ये सर्व सदस्य संस्थेच्या कर्जाला अमर्यादित जबाबदार असत. ते निभावले, कारण कार्यक्षेत्र लहान असल्याने कोण कसा वागतो हे शेजाऱ्याला दिसत असे. संख्या चाळिशीपलीकडे गेली की आमच्याकडे ते दिसेनासे झाले आणि आम्ही गटाचे दोन भाग केले.

शेवटी माझ्याबद्दल. एकदा दोन महिने मी बाहेर होतो, तर देवघेव जवळजवळ थांबली; लोकांचा भरवसा एकमेकांवर नव्हताच, तो माझ्यावर होता. तेव्हापासून वही दर सहा महिन्यांनी नव्या जोडीकडे जाते. तुमच्याकडे निम्मे लोक अनोळखी आहेत, तेव्हा पहिल्याच जोडीत एक जण त्यांच्यातला घ्यावा, आणि तुम्ही स्वतः त्या जोडीत नसावे.