ब्रॉडकास्ट पोचतो कुणाला?

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या शाळांसाठी आम्ही वह्या गोळा करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 200 जणांना ब्रॉडकास्ट करतो (एकच मेसेज एकदम सगळ्यांना, पण प्रत्येकाला वेगळा), उत्तर जेमतेम दहा-बारा जणांचं. लोकांना आस्थाच उरली नाही का?
– एक कार्यकर्ती, पंचवटी

उत्तर : ताई, लोकांना बोल लावू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. गोदावरी स्वच्छतेच्या वेळी आमचंही असंच झालं होतं. मग नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, उभं राहून एकेकाला नंबर सेव्ह करून दिला. एका भाजीवाल्या मावशींनी ‘नदीवाले दादा’ असं नाव टाकायला लावलं. रविवारी त्या खराटा घेऊन हजर! तुम्हीही वह्या घेतानाच नंबर सेव्ह करून घ्या. आणि हो, मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय अजिबात टाकू नका.