पानगळ झाल्यावरही ताण?

आटपाडीहून एका वडिलांचं पत्र आलंय. डाळिंबाची बाग आहे. मुलगी सांगलीत राहून 'नीट'च्या रिपीटर बॅचला जाते. पहिल्या खेपेला 720 पैकी 438 पडले, आता सराव परीक्षेत साडेतीनशेच्या खाली आलीय. ती म्हणते, मानसशास्त्र घेते. वडील विचारतात, "वेड्यांची डॉक्टर होऊन पोट भरतं का? का अजून एक वर्ष जोर लावू?"

नमस्कार. तुमच्या पत्रात दीड पान मार्क आहेत. आणि शेवटी, समासात कोंबलेलं: "दोन महिने झाले, रात्री तीनपर्यंत जागी असते, जेवत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही. आळशी झालीय." मी पत्र तिथून वाचायला सुरुवात केली. अहो, आळशी माणूस पोटभर जेवून निवांत झोपतो.

"बागेला ताण दिल्याशिवाय कळी निघत नाही, पोरांचंही तसंच," असं तुम्ही लिहिलंय. मग बागेचंच बोलू. ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, आणि ते किती दिवस हे तुम्ही जमीन बघून ठरवता; मुरमाड रानाला कमी, काळ्या रानाला जास्त. कोवळ्या झाडावर बहर धरत नाही. पानं पिवळी पडून गळाली की छाटणी, खत, पाणी. पानगळीनंतरही पाणी तोडून ठेवलं तर हातात काटक्या येतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला होता. चुकीच्या खोक्यात शिरला की विजेचा झटका. काम सोपं होतं तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले; काम अवघड केल्यावर मात्र जोराच्या झटक्याने शिकणं उलट लांबलं. 'नीट'चे 180 प्रश्न आणि चुकलं की एक मार्क वजा, हे सोपं काम की अवघड ते तुम्हीच ठरवा. पोरीची पानं गळून दोन महिने झाले आणि तुम्ही आणखी एक वर्ष पाणी तोडायचं म्हणताय.

मी इथून निदान करणार नाही. पण झोप, भूक आणि माणसं दोन आठवड्यांहून जास्त तुटली असतील तर डॉक्टरला दाखवायचं असतं. मिरजेला गुडघा दाखवायला जातो तसंच मनोविकारतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात. आधी बोलायचं असेल तर 14416 ही सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, मोफत, चोवीस तास. "जगून काय करू" असं काही बोलली तर मात्र त्याच दिवशी जा, आणि तिला एकटी ठेवू नका.

रोज संध्याकाळी फोन करून "आज किती पडले?" विचारता, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. तो प्रश्न बंद. जेवलीस का, एवढंच विचारा. आणि त्याच्या मागून मार्कांवर येऊ नका.

मानसशास्त्राचं थोडक्यात: बारावीनंतर बीए, मग एमए, उपचार करायचे तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी. औषधं लिहिणारा मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएस करूनच होतो. पोट भरतं, पण वेळ लागतो. मुलीलाही एक सांगायचंय. "माझं काय होतंय ते कळेल" म्हणून हा विषय घेऊ नकोस. त्यासाठी डॉक्टर आहेत. बरी झाल्यावरही आवडला तर जरूर घे.

सध्या कुठलाच फॉर्म भरू नका. ती नीट झोपायला लागली की दोघं या. एमबीबीएसला लागलेल्या तुमच्या पुतण्याचं नाव तेवढं घरी ठेवून या.