काटा खोटं बोलतोय की पंप?

प्रश्न : दादा नमस्कार. मी ओहायोत असतो. दोन वर्षांपूर्वी २००१ ची डॉज रॅम २५०० सेकंडहँड घेतली, ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्ह कमिन्स डिझेल इंजिन, उन्हाळ्यात मागे कॅम्पर लावून फिरायला. आधीच्या मालकाने काचेच्या बाजूच्या खांबावर फ्युएल प्रेशरचा मीटर बसवलाय, एका वायरच्या सेंडरवाला (सेंडर म्हणजे प्रेशर मोजून मीटरला सिग्नल पाठवणारा भाग), ३० पीएसआयपर्यंतचा. तो नेहमी १२-१३ दाखवायचा. महिनाभर झाला काटा थरथरतोय, चढावर कधी ४ वर येतो, कधी एकदम शून्य आणि खड्डा लागला की परत १२! गाडी मात्र झकास पळते, पिकअप तोच, धूर नाही. एक मित्र म्हणतो लिफ्ट पंप (टाकीतून इंजिनकडे डिझेल ढकलणारा) गेला, लगेच बदल. दुसरा म्हणतो मीटर बोगस आहे, वायर काढून टाक आणि विसरून जा. कुणाचं ऐकू?

उत्तर : कुणाचंच नका ऐकू, निदान आज तरी. आणि ‘गाडी झकास पळते’ हे जे लिहिलंय ना तेच मला जास्त खटकलं. कारण या इंजिनवर व्हीपी४४ नावाचा बॉशचा इंजेक्शन पंप आहे आणि त्याच्या पोटात स्वतःचा छोटा व्हेन पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो, म्हणजे लिफ्ट पंप अगदी मेला तरी गाडी बरेच दिवस पळत राहते. पण व्हीपी४४ ला वंगण पण डिझेलचंच आणि गारवा पण डिझेलचाच, त्याच्या डोक्यावर जो इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवलाय तोही त्याच डिझेलवर थंड राहतो. प्रेशर चांगलं असलं की साधारण १४ पीएसआयला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं डिझेल उष्णता घेऊन टाकीत परत जातं. ते कमी झालं की पंप कोरडा आणि गरम चालायला लागतो, तुम्हाला काही कळत नाही, आणि एक दिवस पी०२१६ (इंजेक्शन पंपाच्या टायमिंगच्या बिघाडाचा) कोड घेऊन लाइट लागते तेव्हा लिफ्ट पंपाच्या कितीतरी पट बिल समोर येतं. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या रॅममध्ये कंपनीने ना मीटर दिला ना वॉर्निंग लाइट, म्हणून तर लोक स्वतः मीटर लावतात. तेव्हा दुसऱ्या मित्राला सांगा, वायर काढून विसरायची ही गाडी नव्हे.

आता पहिला मित्र. खड्डा लागला की काटा १२ वर जातो म्हणता. अहो, खड्ड्याने पंप बरा होत नसतो. शून्य आणि परत १२ ही उडी जवळपास नक्की वायरची किंवा अर्थची (अर्थिंगची) आहे. पण थरथर आणि चढावरचं ४ हे वेगळं प्रकरण असू शकतं, म्हणजे मीटरही आजारी आणि पंपही, दोन्ही एकदम. असं असतं बऱ्याचदा.

म्हणून दुसरा साक्षीदार आणा. साधा मेकॅनिकल गेज, ० ते ३० चा, पाइपसकट. (१०० चा घेऊ नका, त्यात ५ आणि १० मधला फरक केसाएवढा दिसतो.) फिल्टरकडून व्हीपी४४ कडे जाणाऱ्या लाइनवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट असतो, तिथे लावा. मग चावी स्टार्टपर्यंत फिरवून लगेच सोडा, इंजिन चालू होऊ द्यायचं नाही, नुसता ‘खट्’ झाला पाहिजे, की लिफ्ट पंप साधारण २५ सेकंद एकटाच घुर्रर्र करत चालतो. तेवढ्या वेळात दोन्ही मीटर शेजारीशेजारी बघा. इंजिन बंद असल्यामुळे व्हीपी४४ चे धक्के लाइनमध्ये नसतात, काटा शांत दिसला पाहिजे. इथेच तुमचा मीटर नाचत असेल आणि टेस्ट गेज १३ वर गप्प बसला असेल तर निकाल लागला, सेंडर किंवा वायरिंग. मग इंजिन चालू करून बघा, आयडलला १० च्या वर हवं. मग पाइप लांब घेऊन, गेज वायपरच्या बाजूला काचेबाहेर टेपने चिकटवून, कॅम्पर लावून चढावर न्या, फुल अ‍ॅक्सिलरेटरवर ५ च्या खाली जाता कामा नये. टेस्ट गेज पण ४ दाखवत असेल तर पहिल्या मित्राला चहा पाजा. पण पंप विकत घ्यायच्या आधी फिल्टर बदला, फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजल्यावर ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर दोषी फिल्टर आहे, पंप बिचारा ढकलतोच आहे. (आणि हो, तो मेकॅनिकल गेज कायमचा केबिनमध्ये नेऊ नका, मध्ये आयसोलेटर (डिझेल केबिनबाहेरच अडवून फक्त प्रेशर पुढे देणारा भाग) नसेल तर पाइप फुटल्यावर डिझेल मांडीवर.)

समजा तुमचाच मीटर खोटा निघाला. सेंडरची वायर काढा, चावी ऑन ठेवा, काटा एका टोकाला जायला हवा, ती वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. गेला तर मीटर आणि वायर ठीक, चोर सेंडर किंवा त्याचा अर्थ. (हे फक्त एका वायरच्या सेंडरला! तीन वायरीवाल्याला असं टेकवलंत तर चांगला सेंडर जाळून बसाल.) आणि चुड्यांवर कुणी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलीय का बघा. एका वायरच्या सेंडरचा अर्थ त्या चुड्यांमधूनच जातो, टेपने तो अर्धामुर्धा लागतो आणि खड्ड्यागणिक जोडतो-तुटतो. शिवाय टेपचे तुकडे पुढे व्हीपी४४ मध्ये जातात ते वेगळंच. टेप काढून डिझेलला चालणारी सीलंट पेस्ट, तीही पहिला आटा सोडून.

थरथरीचं म्हणाल तर सेंडर थेट बँजो बोल्टवर (डिझेलची लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टवर) बसवलेला असणार. व्हीपी४४ सेकंदाला कितीतरी वेळा डिझेलचा घोट घेतो आणि प्रत्येक घोटाचा ठोका सेंडरच्या पडद्यावर, ते बिचारं किती दिवस टिकणार. सेंडर इंजिनवरून काढून गाडीच्या बॉडीवर हलवा, मध्ये रबरी होज द्या आणि एक बारीक नीडल व्हॉल्व्ह, हलवल्यावर सेंडरला वेगळी अर्थची वायर पण ओढा. व्हॉल्व्ह थरथर थांबेपर्यंत आवळायचा, पूर्ण बंद नाही! मी स्वतः हा शहाणपणा केलाय. कराडला पंपाच्या दुकानात होतो तेव्हा नाही, इकडे आल्यावर, स्वतःच्याच गाडीत. काटा किती छान स्थिर झालाय म्हणून आठ दिवस खुश, आणि मग एकदा इंजिन बंद करून अर्ध्या तासाने आलो तरी काटा १३ वरच! बंद पडलेल्या घड्याळासारखा. तेव्हा इंजिन बंद केल्यावर तुमचा काटा खाली येतो ना, हे अधूनमधून बघत जा.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी : आपल्याकडचा मेकॅनिक ‘एक किलो प्रेशर’ म्हणतो ते साधारण १४ पीएसआय.)

प्रश्न : माझी रॅम २००४ ची आहे, तेच कमिन्स. मी पण हाच मीटर लावू का?

उत्तर : तुमच्यात व्हीपी४४ नाहीये, २००३ पासून कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल) आला. लिफ्ट पंप ते सीपी३ पंप (रेलमध्ये प्रेशर भरणारा) या लाइनवर कमी प्रेशरचा मीटर लावा, खुशाल. पण रेलच्या बाजूला हात घालू नका, तिथे २३ हजार पीएसआयपर्यंत प्रेशर असतं, ते स्कॅनरवरच वाचायचं. कुठे फवारा उडतोय का हे बोटाने चाचपायची आपल्या लोकांना सवय असते, तिथे पुठ्ठा धरा. डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही म्हणून माणूस पट्टी लावून घरी जातो. तसं झालं तर सरळ इमर्जन्सीत जा आणि आत डिझेल गेलंय हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.