ते इंजिन बाहेर काढू नकोस

अरे, तू रात्री साडेअकराला पाठवलेलं इंजिनाचं रेकॉर्डिंग मी चार वेळा ऐकलं, त्यातलं तीनदा मुलीचे हेडफोन लावून. त्याखाली तुझा मेसेज, ‘काका, विकणारा म्हणतो इंजिन ओरिजिनल आहे, मित्र म्हणतो हे संपलंय, गाडी घे आणि लगेच नवीन टाक, मी काय करू?’ तिसऱ्यांदा विचारतोयस, म्हणून आता फोनवर न बोलता लिहूनच देतो. ती १९७३ ची फोक्सवॅगन बस घे. इंजिन काढू नकोस.

तो आवाज टॅपेटचा आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा. बारीक टकटक, रेस दिली की त्याच तालात वाढते. बेअरिंग गेलेलं इंजिन असं बोलत नाही, त्याचा ठोका जड असतो, पोटातून येतो, पायाला कळतो. या एअरकूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनात टकटक ऐकू येते म्हणजे व्हॉल्व्हची गॅप शिल्लक आहे, घाबरायचं ते आवाज बंद झाला तर. गॅप संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो जळतो आणि एक दिवस तुटून पिस्टनवर पडतो. गॅप ०.१५ मिलिमीटर ठेवायची, आठही व्हॉल्व्हना, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. एवढंच काम आहे रे! आणि एवढ्यासाठी तुझा मित्र अख्खं इंजिन बदलायला सांगतोय. त्याने कधी पाना धरलाय का हातात, विचार त्याला.

आता ओरिजिनलचं. डायनामोच्या स्टँडखाली केसवर नंबर कोरलेला असतो, त्याच्या आधीची अक्षरं बघ. १९७३ च्या १६०० सीसी इंजिनाला एडी किंवा एएस असेल. समजा नंबर पहिल्या दिवसाचा नाही निघाला तरी तोंड पाडू नकोस, त्या काळी फोक्सवॅगन स्वतःच जुनं इंजिन घेऊन फॅक्टरीत बांधलेलं बदली इंजिन द्यायची, इथे जर्मनीत त्याला ऑस्टाउशमोटोर म्हणतात. माझ्या लेखी तेही घरचंच. ज्या इंजिनासाठी ती गाडी हानोफरला बांधली त्याच जातीचं आहे ना, मग झालं.

खरं तपासायचं ते हाताने तपास. इंजिन बंद कर, मागे गुडघ्यावर बस, क्रँकची पुली दोन्ही हातांनी धर आणि आत-बाहेर ढकल-ओढ. गोल फिरवायची नाही, आत-बाहेर. काहीच जाणवलं नाही तर उत्तम. हाताला ठक्क लागलं तर मेन बेअरिंगने केस खाल्लीय, मर्यादा तिथेही ०.१५ मिलिमीटरच आहे, हाताला लागेल एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, खूप झाला. आणि तसं निघालं तरी हेच इंजिन बांधून घे. दुसरं टाकू नकोस.

तुला वाटेल काका एवढे का हट्टाला पेटलेत. मी काढलं होतं म्हणून. १९८८ ला घेतली होती मी, तुझ्यासारखीच १९७३ ची, आत वेस्टफालिया कंपनीचं कॅम्पिंगचं फर्निचर. ५० हॉर्सपॉवर. हानोफरहून खाली जाताना ए सेव्हन हायवेवर कासलर बेर्गे या डोंगरांचे चढ लागतात, तिथे तिसऱ्या गिअरवर यावं लागायचं, मागे ट्रकांची रांग, हॉर्न, मुलगी चार वर्षांची, ती रडायची, बायको गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणं मला सहन झालं नाही. तू माझ्या जागी असतास तर तूही तेच केलं असतंस, त्या वेळी कुणीच त्या गाडीला जुनी पण मौल्यवान म्हणत नव्हतं, फक्त जुनी म्हणत होते. १९९४ ला एका गॅरेजवाल्याने दुसऱ्या कंपनीचं पाण्याने थंड होणारं इंजिन बसवून दिलं, रेडिएटरसाठी पुढे पत्रा कापला, पाइप न्यायला खाली भोकं पाडली. मी तिथे उभा होतो. ग्राइंडरच्या ठिणग्या पडत होत्या आणि मी म्हणालो, कापा. जुनं इंजिन ३०० मार्कला दिलं, चालू होतं, टकटक करत होतं.

चढावर पळायला लागली, हे खरं. पण त्यानंतर ती कधी धड झालीच नाही, कधी पाणी गळतंय, कधी वायरिंग, आणि ३० वर्षं भरल्यावर एच नंबरप्लेटसाठी, म्हणजे मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांना मिळते त्या पाटीसाठी, नेली तर तपासणाऱ्याने मागचं झाकण उघडलं, बघितलं, बंद केलं. नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. ते ३०० मार्कचं इंजिन मी पुढे कितीतरी वर्षं शोधत होतो.

म्हणून सांगतो, हळू आहे म्हणजे बिघडलेली नाही. ती ताशी ८५ किलोमीटरला खूश असते, तिला ८५ ला चालव, उजव्या लेनमध्ये, आणि ट्रकवाला हॉर्न देतोय तर देऊ दे. तुला पुण्याहून इथे येऊन चार वर्षं झाली, अजून तू प्रत्येक हॉर्नला दचकतोस. मीही दचकायचो, त्यातच ते इंजिन घालवलं.

गंज बघ अर्थात, दारांखालचे पत्रे, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेखाली, ते तुला माहीतच आहे. पण इंजिनाभोवतीचं रबर सील आणि पत्रे सगळे जागेवर आहेत का ते नीट बघ, कारण सील नसलं की खालची गरम हवा वर येते आणि फॅन तीच हवा परत इंजिनावर मारतो, मग लोक म्हणतात इंजिन तापतं. इंजिनाचा दोष नाही तो. आणि पेट्रोलचे होज घेतल्या दिवशी बदल, दुसऱ्या दिवशी नाही. वरून कापडी विणीचे असतात, आतून तडकलेले असतात, आणि इंजिनाची केस मॅग्नेशियमची आहे, पेटली तर विझत नाही. यात माझ्याशी वाद घालू नकोस.

शुक्रवारी रात्री विकणाऱ्याला मेसेज कर, शनिवारी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी मागच्या झाकणावर हात ठेवायचा, कोमट लागलं तर त्याने तापवून ठेवलीय, मग चहा पिऊन परत येऊ, रविवारी जाऊ. थंड असेल तर मीच व्हॉल्व्ह सेट करतो तिथे, तास-दीड तास लागेल. गॅप मोजायचं फिलर गेज माझ्याकडे आहे. व्हॉल्व्ह कव्हरची दोन गास्केट तेवढी तू घेऊन ये, आणि मित्राला आणायचं असेल तर आण, टॉर्च धरायला कुणीतरी लागेलच.