मात्रेरा किल्ल्याची ती पांढरी भिंत योग्य आहे का?

तुमचा प्रश्न असा: स्पेनमधल्या मात्रेरा किल्ल्याचा दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो पाहिला, मध्ययुगीन बुरुजाला अशी सपाट पांढरी भिंत लावणं बरोबर आहे का, आणि हे काम आर्किटेक्ट कालात्रावा यांचंच का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. नाही. सांतियागो कालात्रावा हे व्हॅलेन्सियाचे, पांढऱ्या पुलांचे आणि पंख पसरल्यासारख्या इमारतींचे आर्किटेक्ट. मात्रेराचं काम कार्लोस केवेदो रोहास यांचं. गल्लत होते ती नावामुळे. ११५८ साली कास्तिलच्या राजाने सरहद्दीवरचा कालात्रावा किल्ला फितेरोच्या मठाधिपतीच्या हवाली केला आणि त्यातून लढणाऱ्या संन्याशांचा कालात्रावा संघ उभा राहिला. पुढे १२५६ मध्ये दहाव्या अल्फोन्सो राजाने मात्रेरा या संघाला दिला. कालात्रावा हा शब्द मूळचा अरबी: 'कलात रबाह', म्हणजे रबाहचा किल्ला. आपला 'किल्ला' आणि त्यांचा 'कलात' एकाच अरबी शब्दातून आलेत. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

आता भिंत. मी बरोबर म्हणते. ठामपणे म्हणते, कारण या फोटोवरून आमच्या घरात पाच वर्षं वाद चालला.

आमच्या गावच्या वाड्याची मागची भिंत २०१४ च्या पावसात खचली. काकांनी ती सिमेंटने बांधून घेतली, वर काळा रंग दिला आणि गवंड्याकडून त्यावर पांढऱ्या रेघा मारून घेतल्या, म्हणजे लांबून जुन्या घडीव दगडांचीच भिंत वाटावी. मी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. "काका, दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरायला हव्यात, सिमेंटखाली दगड कुजेल" असं म्हटलं. काका म्हणाले, "अगं, वाडा वाड्यासारखा दिसायला नको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं.

२०१६ च्या मार्चमध्ये मात्रेराचे फोटो जगभर फिरले. काकांनी ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "हे बघ तुमचे तज्ज्ञ." सगळ्यांनी हसण्याचे चेहरे पाठवले. मला ते लागलं. अजून लागतं.

पुढच्या वर्षी वारसा-संवर्धनाच्या एका अभ्यासक्रमासाठी मी सेव्हिलला होते. वर्गातल्या एका मुलीच्या गाडीतून आम्ही मात्रेराजवळच्या व्हियामार्तिन गावाकडे गेलो. टेकडीवर चढलो. फोटोत जो पांढरा डबा वाटतो, तो खालून बघताना आधी बुरुजाचे कोपरे दाखवतो. हा बुरूज केवढा रुंद होता, किती उंच चढत होता, हे त्या कडांमुळे कळतं. मग नजर आतल्या दगडांवर जाते. खडबडीत, मातकट, वेड्यावाकड्या कडांचा जुना तुकडा आणि त्याच्या भोवती चुन्याचा गुळगुळीत गिलावा. कुठला दगड संघाच्या काळापासून उभा आहे आणि कुठला हात परवाचा आहे, हे लहान पोरालाही बोट ठेवून सांगता येईल. शिवाय मूळ बुरूजही गिलाव्याचाच होता. आपल्याला उघडा दगड 'जुना' वाटतो, कारण तो पडक्या अवस्थेत पाहायची आपल्याला सवय झालीय.

फोटोबद्दलही सांगते. फिरलेला 'आधीचा' फोटो बहुतेक वेळा २०१३ च्या पडझडीपूर्वीचा असतो. त्या वर्षीच्या पावसात बुरुजाचा भाग ढासळला होता. म्हणजे लोक तुलना करतात ती अस्तित्वातच न उरलेल्या बुरुजाशी. आणि स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आधारासाठी नवं काही घालावंच लागलं तर ते ओळखू आलं पाहिजे, जुन्याची नक्कल करून गोंधळ होता कामा नये. केवेदोंनी कायदा मोडला नाही, पाळला.

काकांना द्यायचं उत्तर मात्र मला टेकडीवर मिळालं नाही. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मिळालं, चित्रकार वेलास्केसच्या 'लास मेनिनास' या चित्रासमोर. डावीकडे तो स्वतः कुंचला धरून उभा आहे आणि छातीवर सांतियागो संघाचा, म्हणजे कालात्रावासारख्याच दुसऱ्या एका संघाचा, लाल क्रूस, तलवारीच्या आकाराचा. चित्र १६५६ चं. संघात त्याला घेतलं १६५९ मध्ये, तेही तो पोटासाठी चित्रं काढत नाही अशा साक्षी झाल्यावर. झुर्बारान आणि कानो या चित्रकारांनीही तशी साक्ष दिली. म्हणजे तो क्रूस नंतर रंगवलेला आहे. तो राजानेच काढला अशी दंतकथाही आहे. पण तो इतका बेमालूम मिसळलाय की चित्राची तारीखच खोटी पडते. १६५६ मध्ये त्या माणसाच्या छातीवर क्रूस नव्हता. तो मान मिळवण्यासाठी केलेला सगळा अट्टाहास त्या क्रूसाला चिकटलेला आहे, म्हणून तो मला प्रिय आहे. पण तो काकांच्या रेघांसारखाच आहे. मात्रेराची भिंत तसं करत नाही.

मी त्या चित्राचं पोस्टकार्ड घेऊन काकांना पाठवलं. मागे एवढंच लिहिलं: "यात एक गोष्ट तीन वर्षांनी घातलेली आहे. शोधा." तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "कुत्रा?"

तेव्हा तुम्हीही कुठे जुनी भिंत दुरुस्त करत असाल तर चुनाच वापरा, सिमेंटच्या मोहात पडू नका, आणि नवं काम नवं दिसलं तर लाजू नका. घरच्या मोठ्या माणसाने कितीही सांगितलं तरी दगडाच्या रेघा मारू देऊ नका.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मात्रेराचा पांढरा मलाही भडक वाटतो. दुपारच्या उन्हात लांबून भिंतच डोळ्यांत भरते आणि जुना दगड मागे पडतो. थोडा मातकट छटेचा गिलावा चालला असता, कायद्याच्या आड आला नसता. आणि हिस्पानिया नोस्त्रा या वारसा संस्थेने या कामावर कडक टीका केली होती. ती जाणत्या लोकांची संस्था आहे, त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. दुसरं असं की नवं काम नवं दिसू द्यायचं, हा नियम पडक्या अवशेषांसाठी आहे. जिथे आजही पूजा चालते, माणसं राहतात, तिथे गणित वेगळं.

आमच्या भिंतीला २०२१ मध्ये लोणा लागला, म्हणजे आतले क्षार वर आले. पोपडे सुटले, रेघांसकट. गेल्या उन्हाळ्यात सिमेंट काढून खालच्या तीन थरांचे दगड आम्ही चुन्यात बसवून घेतले. गवंड्याशेजारी काका दोन दिवस खुर्ची टाकून बसले होते. ठिगळ दिसतंय, असं ते अजून म्हणतात. हो, दिसतं.